बटव्यातला ओवा आणि पडद्यावरची सासू

यंदाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासाचे काही तरी लिहा" असा निरोप आपल्या कार्यवाह बाईंकडून आला, तेव्हा मी खरोखरच संकोचात पडले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात इतिहास म्हटला की सिंदखेडराजाचे नाव प्रथम ओठांवर येते. जिजाऊसाहेबांचे जन्मस्थान ज्या भूमीत आहे तेथे इतिहास लिहावयाचा तो वाड्यांचा आणि लढायांचा, असा आपला समज असतो, आणि त्या विषयावर माझ्याहून अधिकारी माणसांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मी चिखलीच्या शाळेत तीस वर्षे इतिहास शिकविला खरा, परंतु शिकविणे निराळे आणि लिहिणे निराळे.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात बसले असताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली. आपण बायका एकत्र जमलो की दोन विषयांवर न थकता बोलतो. एक पोटाच्या तक्रारी आणि दुसरा संध्याकाळच्या मालिका. कोणाला तिळगुळाने पित्त झालेले असते, कोणाच्या नातवाचे पोट धरलेले असते. आणि तो विषय संपतो न संपतो तोच कालच्या भागात सासूने सुनेच्या दुधात काय कालवले त्याची चर्चा सुरू होते. वाटले, या दोन्ही गोष्टींचा इतिहास आपण का लिहू नये? दोन्हींच्या मध्यभागी उभी असलेली व्यक्ती तर एकच आहे. ती म्हणजे घरातील वडीलधारी बाई. बटव्याच्या इतिहासात ती औषध देणारी आहे. मालिकेच्या इतिहासात ती बहुधा विष कालवणारी आहे. एकाच बाईची ही दोन रूपे कशी झाली आणि त्यांतील खरे कोणते, एवढेच मला या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम बटव्याकडे वळू. माझ्या सासूबाईंना सारे घर 'बाई' म्हणत असे. मी १९७२ साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा त्यांच्या कमरेला जुन्या लुगड्याच्या काठाचा शिवलेला एक बटवा असे. त्यात ओवा, सुंठ, हिंगाचा खडा, बाळहिरडे, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, सागरगोटा, अतिविष, डिकेमाली आणि बाळंतशेपा एवढा ऐवज असावयाचाच. घरात बाळंतीण असली म्हणजे सहाणेवर आईच्या दुधात गुटी उगाळली जाई. प्रत्येक जिन्नस सहाणेवर किती वेळा फिरवावयाचा, याचे 'वेढे' ठरलेले असत. महिन्याच्या बाळाला एक वेढा, मग वयाप्रमाणे वाढवीत जावयाचे. शौचाला खडा होत असला तर हिरड्याचा वेढा जास्त, पोटात मुरडा येत असला तर मुरडशेंगेचा, झोप नसली तर जायफळाचा, पण तो अगदी जपून. तराजू नाही, चमचा नाही, आणि तरीही मात्रेचा केवढा विचार! मुरडशेंग हे नावच पाहा. शेंग मळसूत्रासारखी मुरडलेली, आणि ती मुरड्यावरच देतात. नावातच खूण ठेवली म्हणजे निरक्षर सुनेलाही ती विसरता येत नाही.

या ज्ञानाला शास्त्राचा आधार नव्हता असे नाही. आयुर्वेदाने पोटातील अग्नीलाच आरोग्याचे मूळ मानले आहे. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग या आठ जिनसांचे हिंग्वाष्टक चूर्ण जेवणाच्या पहिल्या घासाला तुपाबरोबर घ्यावे, असे वैद्य आजही सांगतात. बाईंनी हा ग्रंथ पाहिलेला नव्हता. पण वरणाच्या फोडणीत हिंग-जिरे आणि पहिल्या भातावर तूप ही आपली रोजची रीत म्हणजे त्या चूर्णाची धाकटी बहीणच नव्हे काय? आधुनिक रसायनशास्त्र सांगते की ओव्यातील मुख्य द्रव्य थायमॉल हे जंतुनाशक आहे. बाई एवढेच सांगत, "चिमूटभर ओवा चाव, वरून ऊन पानी पे, घटकाभर पड."

परंतु 'घरगुती' म्हणून ज्याचा आपण अभिमान धरतो ते सारे घरचेच होते, असेही समजू नये. हिंग तर अफगाणिस्तान आणि इराणकडून यावयाचा. आपल्या देशात त्याच्या लागवडीचा पहिला शास्त्रीय प्रयत्न हिमाचल प्रदेशातील लाहौल भागात २०२० साली सुरू झाला. जायफळ मूळचे पूर्वेकडील बेटांवरचे. म्हणजे चिखलीच्या एका बाईच्या कमरेच्या बटव्यात निम्मे आशिया खंड सामावलेले होते. व्यापारी तांडे, वाणी आणि आठवडी बाजार यांच्या मार्गाने हे जिन्नस आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आले आणि येथलेच झाले.

आपल्या जिल्ह्याने स्वतःचे काय दिले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लोणारला आहे. लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेले. त्याचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. पाणी इतके खारे आणि क्षारयुक्त की उन्हाळ्यात ते आटू लागले म्हणजे काठावर सोड्याचे थर बसत. अकबराच्या काळातील 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात येथील काच आणि साबण यांना लागणाऱ्या द्रव्यांचा उल्लेख आहे. इंग्रजी अमदानीतही हा क्षार काढला जाई आणि प्रतीप्रमाणे त्याला डल्ला, खुपल, पापडी, भुसकी अशी नावे असत. पापडखार म्हणून तो घरोघर गेला. पोटातील आम्ल मारावयाचे तर क्षार हवा, ही गोष्ट ज्या प्रदेशात सरोवरच क्षाराचे आहे तेथल्या बायकांना कोणी वेगळी शिकवावी लागली नसेल. लोणारचा कच्चा क्षार खावयाचा नव्हे, हे सांगितले पाहिजे. परंतु सोड्याची चिमूट आणि लिंबाचा रस यांची करामत आपल्या आज्यांना बाटलीतील फसफसणारी औषधे येण्यापूर्वीपासून ठाऊक होती.

आता ही बाटली आली कशी ते पाहू. इंग्लंडातील नॉटिंगहॅम गावी विल्यम वुडवर्ड नावाच्या औषध विक्रेत्याने १८५१ साली लहान मुलांच्या पोटदुखीसाठी 'ग्राइप वॉटर' तयार केले. त्यात काय होते? शेप्याचे तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि त्या वेळी मद्यार्क. मद्यार्क सोडला तर हे दुसरे काय, आपला बाळंतशेपा आणि आपला क्षारच! शेपू आपल्या मळ्यात, क्षार आपल्या सरोवरात, आणि औषध मात्र सातासमुद्रापलीकडून बाटलीत भरून आले. आपल्याकडेही याच सुमारास औषधे कारखान्यांत होऊ लागली होती. पनवेल येथे वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली धूतपापेश्वर कारखाना काढला. कलकत्त्यास १८८४ साली डॉ. बर्मन यांनी डाबरची सुरुवात केली. १९१७ साली तेथेच बैद्यनाथ निघाले आणि पुढे त्यांचा कारखाना आपल्या नागपुरासही झाला. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशकास वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरविले. या थोर पुरुषांनी आयुर्वेद तगविला, यात शंका नाही. तथापि एक गोष्ट सहज लक्षात येते. वैद्यांच्या संमेलनांचा आणि कारखान्यांचा इतिहास लिहिला गेला. सहाणेवर वेढे मोजणाऱ्या बायकांचा कोणी लिहिला नाही.

बाटलीला गिऱ्हाईक हवे, आणि गिऱ्हाइकाला विश्वास हवा. हा विश्वास जाहिरातीने मिळविला. जादूसारखा गुण येतो असल्या जाहिरातींचा इतका सुळसुळाट झाला की सरकारला १९५४ साली औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा करावा लागला. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविधभारतीवर जाहिराती सुरू झाल्या. त्या पहिल्या केंद्रांत मुंबई आणि पुण्याबरोबर नागपूरही होते. दूरदर्शन मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले, आणि त्यावर १९७६ सालापासून जाहिराती दिसू लागल्या. ग्राइप वॉटरची एक जाहिरात आपणांपैकी अनेकींना आठवत असेल. बाळ रडते, आई घाबरते, आजी विचारते, आणि मग प्रत्येक पिढीतील आई आपल्या मुलीला सांगते की तू लहान होतीस तेव्हा मी तुलाही हेच देत होते. किती चतुर कल्पना! औषध कारखान्याचे, पण शब्द आजीचा. ज्या बाईचा बटवा बाटलीने काढून घेतला, तिचाच अधिकार बाटलीने उसना घेतला. १९७८ साली हाजमोला निघाले आणि पाचक हे औषध न राहता खाऊ झाले. पोट दुखत नसतानाही मुले ते मागू लागली. १९८४ साली 'ये जो है जिंदगी' ही विनोदी मालिका आली ती विको कंपनीच्या पुरस्काराने. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली काढलेली ही मराठी माणसाची आयुर्वेदिक कंपनी. म्हणजे जडीबुटी आणि मालिका यांचे लग्न तेव्हाच लागले होते.

मालिकांचा इतिहास तसा अलीकडचा. वसंतराव साठे हे आपल्या विदर्भातून लोकसभेवर गेलेले पुढारी माहिती व नभोवाणी मंत्री होते. रंगीत दूरदर्शनासाठी त्यांनी फार आग्रह धरला, आणि १९८२ साली ते आले. मेक्सिको देशात कौटुंबिक मालिकांतून कुटुंबनियोजनाचा प्रचार करतात, हे पाहून आपल्याकडेही तसे करावे असा विचार झाला आणि ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. तिचे १५६ भाग झाले. हेतू असा की स्त्रियांनी आपल्या हक्कांविषयी जागे व्हावे. पुढे अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा निराळेच आढळले. त्या मालिकेतील सोशिक, मुकाट्याने सारे सहन करणारी आई भागवंती, हीच कित्येक प्रेक्षकांना आदर्श वाटली होती! शिकविणाऱ्याने एक शिकवावे आणि वर्गाने दुसरेच शिकावे, हा अनुभव आम्हां शिक्षकांना नवा नाही.

मग 'रामायण' आले. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ दर रविवारी सकाळी चिखलीचे रस्ते ओस पडत. आमच्या घरी दूरदर्शन संच त्याच वर्षी आला. आळीतील पंचवीस-तीस माणसे दिवाणखान्यात दाटीवाटीने बसत आणि बाई संचाला हळदकुंकू वाहून मगच तो लावू देत. त्यानंतर खासगी वाहिन्यांचे युग आले. ३ जुलै २००० रोजी 'क्यों की सास भी कभी बहू थी' सुरू झाली ती २००८ पर्यंत चालली. मराठीत 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत, तीन हजारांहून अधिक भाग चालली. नावेच पाहा, दोन्हींत सासू आहे. सासू हा मालिकांचा खांब झाला.

या मालिकांतील पोट हा मोठा गमतीचा विषय आहे. प्रत्यक्षात सुनेला उलटी झाली तर आपण आधी विचारतो, "रात्री काय खाल्लेस?" शेगावच्या कचोऱ्या दोन जास्त झाल्या असतील, पित्त खवळले असेल, उन्हात गेली असेल. मालिकेत असे कधी होत नाही. तेथे सुनेने तोंडावर पदर धरून न्हाणीघराकडे धाव घेतली की संगीत सुरू होते, सासू दचकते, आणि 'गोड बातमी' ठरते. पडद्यावरच्या सुनांना अजीर्ण होत नाही, आव पडत नाही, जंत होत नाहीत. 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेतील जान्हवीचे दिवस इतके लांबले की साऱ्या महाराष्ट्राने थट्टा केली. आणि स्वयंपाकघर? आपल्या स्वयंपाकघरात हिंग, ओवा असतो. त्यांच्या स्वयंपाकघरात कोणी तरी खिरीत काही तरी टाकीत असते, औषधाच्या बाटल्या बदलीत असते. जिच्या हातचे घेतले म्हणजे पोट शांत व्हावयाचे, तिच्या हातचे घेताना प्रेक्षकांच्या पोटात गोळा येऊ लागला. न्यायाने सांगावयाचे तर सर्वच मालिका अशा नव्हत्या. 'माझ्या नवऱ्याची बायको' या २०१६ ते २०२१ पर्यंत चाललेल्या मालिकेतील राधिका ही आपल्या विदर्भाकडची बोली बोलणारी सून स्वतःच्या हातच्या मसाल्यावर उद्योग उभा करते. ते पाहताना आपल्या मंडळाच्या मसाला-पापड विभागातील भगिनींना किती उमेद वाटे ते मी पाहिले आहे.

तर मग खरी सासू कोणती? बटव्यातील की पडद्यावरची? याचे उत्तर द्यावयाचे तर एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. थोरल्या जाऊबाईंनी परवानगी दिली म्हणून लिहिते.

१९७४ सालचा उन्हाळा होता. जाऊबाईंची मुलगी अकरा महिन्यांची. तिला जुलाब लागले, मग उलट्या. बाईंनी बटवा उघडला. कुडा, जायफळ, सुंठ, सारे उगाळून झाले. त्याबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी त्यांच्या सासूने त्यांना आणि तिच्या सासूने तिला शिकविली होती. त्यांनी मुलीचे पाणी तोडले. "पानी देऊ नोका, पोट आनखी सुटन," असे त्या म्हणाल्या. मी शिकलेली होते. मीही गप्प बसले, कारण मलाही तसेच ठाऊक होते. पोर ओठ चाटीत राही. तिची टाळू खोल गेली, डोळे आत गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. त्या काळी घराघरांत अशी मुले जात. कोणी कोणाला दोष दिला नाही. जाऊबाई मात्र त्यानंतर बाईंशी कामापुरतेच बोलत.

ज्या वेळी आमच्या घरात हे घडले, त्याच्या तीनच वर्षे आधी, १९७१ साली, बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली होती. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रोग्यांना पाजण्याची योजना केली. शंभरांत तीस माणसे दगावत होती, तेथे चारही दगावेनाशी झाली. साखर आतड्यातून आत शिरताना मिठाला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते, असे हे साधे तत्त्व आहे. १९७८ साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाला विसाव्या शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. डॉक्टरसाहेब २०२२ साली निवर्तले. १९७१ चे ज्ञान १९७४ साली चिखलीस पोचले नव्हते, एवढेच आमचे दुर्दैव.

ते पोचले ते दूरदर्शनाच्या वाटेने. रामायणाच्या त्या दिवसांतच एका संध्याकाळी कार्यक्रमांच्या मध्ये सरकारी सूचना लागली. जुलाब झाल्यास बाळाला जलसंजीवनी द्या. ती नसेल तर स्वच्छ पाण्यात मीठ-साखर घालून पाजत राहा. बाई शेंगा निवडीत होत्या. त्यांचा हात थांबला. हिंदी त्यांना नीट कळत नसे. मला म्हणाल्या, "काय म्हनते तो? पानी पाजा म्हनते?" मी म्हणाले, "हो बाई. पाणी तोडायचं नाही म्हणतो." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग इतकेच म्हणाल्या, "मंग आपल्या पोरीले आपनच..." आणि थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जाऊबाईंना हाक मारली, जवळ बसविले आणि सांगितले, "पोरीचं पानी म्या तोडलं. ते चुकलं माह्यं." जाऊबाई काही बोलल्या नाहीत. दोघी थोडा वेळ तशाच बसल्या. मग जाऊबाई उठल्या, त्यांनी चहा केला आणि पहिला कप बाईंना नेऊन दिला. मालिकेत असा प्रसंग आला असता तर त्याला तीन दिवस लागले असते आणि विजा कडाडल्या असत्या. आमच्या घरात तो चहाला आधण येण्याइतक्या वेळात संपला. पण तेरा-चौदा वर्षांचा अबोला त्या दिवशी मिटला.

त्या दिवसापासून बाईंच्या बटव्यात मिठाची आणि साखरेची एकेक पुडी आली. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतले, जसे वेढे पाठ होते तसे. आळीत कोणाच्या लेकराचे पोट बिघडले की त्या स्वतः जाऊन उभ्या राहत. "पानी तोडू नोका. म्या तोडलं होतं," असे म्हणत. आपली चूक चारचौघींत सांगून दुसऱ्याचे पोर वाचविणारी ही सासू मी कोणत्याही मालिकेत पाहिलेली नाही.

भगिनींनो, जुने ते सारे सोने नव्हे, हे म्हणूनच सांगितले पाहिजे. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया मुलांना झोपविण्यासाठी अफूची 'बाळगोळी' देत. बाई सांगत की त्यांच्या लहानपणी निंदणाला जाणारी बाईही तेच करी. त्यात त्या मातांचा दुष्टपणा नव्हता, दारिद्र्य होते. आज बालरोगतज्ज्ञ सांगतात की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधावाचून काहीही देऊ नये. म्हणजे माझ्या सासूबाईंची ती सुरेख गुटीही तान्ह्या बाळाला नको. हे आपण ऐकले पाहिजे. परंतु ऐकताना त्या बायकांना अडाणी म्हणून मोडीत काढू नये. त्यांनी जे मिळाले ते जपले, चुकले ते सुधारले, आणि कोणत्याही मोबदल्यावाचून गावभर वाटले.

२०२० साली टाळेबंदीत एक योगायोग झाला. मार्च महिन्यात दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा लागले, आणि आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ यांचा काढा घेण्यास सांगितले. तेहेतीस वर्षांनी मालिका आणि काढा हातात हात घालून परत आली. माझी नातसून मला म्हणाली, "आजी, तुमच्या त्या बटव्यात सुंठ आहे का?" बाई जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती. मी कपाटातून बटवा काढला. सुंठ होती, मुरडशेंगेचे दोन तुकडे होते, आणि मिठाची व साखरेची, दोन्ही पुड्या होत्या. साखरेला मुंग्या लागून गेल्या होत्या. काढा तिने असा तिखट केला की मलाच पित्त झाले, आणि मग ओव्याची चिमूट चावावी लागली, ते निराळे!

असो. लेख लांबला. मंडळाच्या भगिनींना एकच विनंती करून पुरा करते. मंडळाच्या कपाटात जमाखर्चाच्या वह्या आहेत, तशी एक कोरी वही ठेवावी. जिल्ह्यातील तेराही तालुक्यांतून आपल्या सभासद भगिनी येतात. प्रत्येकीने आपल्या आईकडून वा सासूकडून शिकलेला एकेक उपाय तीत लिहावा. कोणी शिकविला ते लिहावे, किती वेढे ते लिहावे. आणि समोरच्या पानावर, डॉक्टरांना विचारून, त्यातील घ्यावयाचे कोणते आणि टाकावयाचे कोणते तेही लिहावे. जे चुकले, ज्याने कोणाचे पोर गेले, तेही लपवू नये. पहिले पान मी लिहिते. त्यावर एका बाजूला बाईंची गुटी असेल, आणि दुसऱ्या बाजूला मीठ-साखरेच्या पाण्याचे प्रमाण.